मानेवरची शीर

मैफल रंगात आलेली असते. गायिका तार षड्जाला पोचते, तिथे ठेहराव घेते, तबलजी मान डोलावतो, पुढच्या रांगेतले जाणते लोक डोळे मिटून घेतात. आणि माझी नजर तिच्या मानेकडे गेलेली असते. हनुवटी वर उचलली गेली आहे का? कानाखालून खाली उतरणारी शीर ताठ झाली आहे का? श्वास घेताना खांदे वर जातात का? आवाज शिकवायला लागल्यापासून ही सवय जडली आणि आता ती सुटणार नाही. गाणं ऐकायला कान पुरतात. आवाज ओळखायचा तर डोळेही लागतात.

कितीतरी वेळा असं होतं की शीर फुगलेली असते, जबडा आवळलेला असतो, स्वर घशातून ओढून काढलेला असतो, आणि तरीही तो लागतो. सुरात लागतो आणि काळजालाही लागतो. माझ्या अंगावरही काटा येतो. सभागृहातल्या लोकांचं यात काहीच चुकत नसतं. ते गाणं ऐकायला आलेले असतात, कुणाचा घसा तपासायला नव्हे. त्या क्षणी गायिकेनं जे दिलं ते अस्सल असतं, आणि ते कशाच्या बळावर दिलं हे विचारणं त्यांचं काम नाही. ते माझं काम आहे, आणि त्याहून जास्त तिचं.

म्हणून ‘आवाजाचं तंत्र पक्कं असल्याशिवाय मोठं होता येत नाही’ असं मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी सांगत नाही. ते खरं नाही, आणि मुलांना ते लगेच कळतं. लुई आर्मस्ट्राँगच्या घशातली खरखर कुठल्याही गायनशाळेत सुधारायला घेतली असती. जगानं ती डोक्यावर घेतली. बॉब डिलनचा अनुनासिक, कोरडा आवाज पहिल्यांदा ऐकून ‘हा गायक?’ असं विचारणारे लोक होते, आणि त्याच आवाजानं एका पिढीला तिचे शब्द दिले. वेल्समधल्या बॉनी टायलरची हकिगत तर आमच्या क्षेत्रात सगळेच सांगतात. स्वरतंतूंवर गाठी आल्या, शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी काही आठवडे अवाक्षर काढायचं नाही असं बजावलं. एके दिवशी वैतागून ती ओरडली आणि आवाज कायमचा घोगरा झाला. त्यानंतर त्याच घोगऱ्या आवाजात गायलेलं तिचं गाणं देशोदेशी गाजलं. आता यातून एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीनं काय शिकावं?

घोगरा, फाटका, ताणलेला आवाज आपल्याला का भिडतो याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, ताण आपल्या शरीराला ओळखीचा असतो. रडताना घसा आवळतो, लांबून कुणाला हाक मारताना मानेच्या शिरा ताणल्या जातात, भांडताना आवाज चिरकतो. गाणारा वरच्या स्वरावर जरासा फाटला की ऐकणाऱ्याचा घसाही नकळत आवळतो, आणि त्याला वाटतं की हा माणूस खोटं बोलत नाही. पोवाडा गाणाऱ्या शाहिराचा स्वर घोटीव आणि गुळगुळीत असता तर गडावरची लढाई डोळ्यांसमोर उभी राहिली नसती. वारीत उंच पट्टीत गाणाऱ्या टाळकऱ्यांचे गळे पंढरपूर जवळ येईपर्यंत बसलेले असतात, आणि त्या बसलेल्या गळ्यांच्या अभंगाला जी आर्तता असते ती कशानंही आणता येत नाही. दोष आणि ओळख यांची अशी गाठ पडलेली असते. ती सोडवायला जाणाऱ्यानं आधी तिला नमस्कार करावा.

मग आवाज शिकवणाऱ्याचं काम काय उरतं?

माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं आहे. आवाजाचं शिक्षण श्रोत्यांसाठी नसतं. ते गाणाऱ्याच्या उद्यासाठी असतं, परवासाठी असतं, साठाव्या वर्षासाठी असतं. आजची मैफल बिनशिकल्या गळ्यावरही जिंकता येते. प्रश्न तिच्यानंतरच्या सकाळचा असतो.

काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा तार षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे ४१५ कंपनं. नखाएवढ्या लांबीच्या दोन नाजूक स्वरतंतूंच्या कडा सेकंदाला चारशेहून जास्त वेळा एकमेकींना टेकतात आणि सुटतात. श्वास घेत घेत अर्धा मिनिट ती त्या स्वरावर राहिली तर बारा हजार वेळा. कडा हलकेच टेकत असतील तर बिघडत नाही. पण श्वासाचा रेटा जास्त आणि घसा आवळलेला असेल तर त्या आपटतात. आपटून आधी सूज येते, मग कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला पडावेत तसे घट्टे पडतात, दोन्ही कडांवर समोरासमोर, मार जिथे जास्त बसतो नेमके तिथे. आणि यातली वाईट गोष्ट अशी की सुरुवातीला फारसं दुखत नाही. आवाज सकाळी उशिरा सुटतो, वरचे हलके स्वर निसटायला लागतात, बोलताना खाकरावं लागतं. गाणारा म्हणतो, ‘हवा बदलली.’ मग तो आणखी जोर लावतो.

एकोणिसाव्या शतकातल्या एका मुलीची हकिगत मला फार जवळची वाटते. येनी लिंड. स्टॉकहोमची. १८३८ साली, अठरावं वर्षही पूर्ण झालेलं नसताना, तिनं ऑपेरात मुख्य भूमिका केली आणि शहर तिच्यावर लुब्ध झालं. नंतरची तीन वर्षं ती गात सुटली. एकामागून एक मोठ्या भूमिका, शिवाय गावोगावचे कार्यक्रम. यश होतं, मान होता, आणि आवाज आतून झिजत चालला होता. हे तिच्या लक्षात आलं, यातच तिचं मोठेपण आहे. १८४१ मध्ये ती पॅरिसला मानुएल गार्सिया या शिक्षकाकडे गेली आणि त्याच्यासमोर गायला उभी राहिली, तेव्हा मध्येच तिचा आवाज मोडला. गार्सियानं तिला तोंडावर सांगितलं की तुझा आवाज आता उरलेलाच नाही. सहा आठवडे गायचं नाही, बोलणंही कमीत कमी, आणि मग पुन्हा ये, बघू.

वीस वर्षांची ती मुलगी. आपल्या देशात नाव झालेली. परक्या शहरात सहा आठवडे गप्प बसली. मग परत गेली आणि गार्सियानं तिला शिकवायला घेतलं. त्या दिवसांत तिनं घरच्या ओळखीत पाठवलेल्या पत्रातून कळतं की तिला अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत होती: सप्तक चढायचं, उतरायचं, सावकाश, अतिशय जपून; कंपयुक्त स्वर अगदी धिम्या गतीत घोटायचा; घशातला घोगरेपणा घालवायचा; आणि श्वासाच्या बाबतीत गुरुजी फार काटेकोर. ज्या मुलीनं राजधानी जिंकली होती ती सा रे ग म करत बसली होती. सुमारे दहा महिन्यांनी ती स्टॉकहोमला परतली. त्यानंतरच्या काळात युरोप तिला ‘स्वीडिश नाइटिंगेल’ म्हणून ओळखू लागला, आणि १८५० मध्ये ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिचा स्वरही न ऐकलेले हजारो लोक धक्क्यावर जमले होते.

या गोष्टीत मला लिंडइतकाच गार्सिया ओढून घेतो. त्याचे वडील मोठे गायक होते. १८२५ साली त्यांनी सगळ्या कुटुंबाला घेऊन न्यूयॉर्कमध्ये इटालियन ऑपेरा केला, त्यात हा विशीतला मुलगाही गात होता. पण बहिणींसारखं त्याचं झालं नाही. त्याचा आवाज थकला, टिकला नाही, आणि त्यानं रंगभूमी सोडली. मग तो लष्करी रुग्णालयांत जाऊन माणसाच्या घशाची रचना शिकला. आपला आवाज का गेला हे समजून घेतल्याशिवाय दुसऱ्याला शिकवायचं नाही, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. १८५४ मध्ये त्यानं दातांच्या डॉक्टरकडचा लांब दांड्याचा छोटा आरसा घेतला, तो गरम करून घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं, आणि स्वतःचे हलणारे स्वरतंतू पाहिले. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचं टिपण वाचलं गेलं. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ रोज जे पाहतात ते गाताना स्वतःच्या गळ्यात पाहणारा माणूस गाण्याचा मास्तर होता, आणि त्याचा स्वतःचा आवाज गेलेला होता. तो १०१ वर्षं जगला. लिंडनंही शेवटी शिकवण्याचंच काम हाती घेतलं. १८८३ मध्ये लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झालं तेव्हा ती तिथे गायनाची प्राध्यापक झाली.

यावर कुणी म्हणेल, शिकलं म्हणजे सगळं निभावतं असंही नाही. बरोबर आहे. ज्यूली अँड्र्यूजला लहानपणापासून उत्तम तालीम होती. स्वच्छ, उंच, अचूक आवाज. १९९७ मध्ये घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तो आवाज परत आला नाही. अडेलची २०११ मधली शस्त्रक्रिया यशस्वी झाली, काही महिन्यांतच ती ग्रॅमीच्या मंचावर उभी राहून गायली, आणि तरी २०१७ मध्ये लंडनच्या वेंब्लीतले शेवटचे दोन कार्यक्रम तिला घशामुळे रद्द करावे लागले. गळा हाडामांसाचा असतो. शिक्षणानं त्याचं आयुष्य वाढतं, तो अमर होत नाही.

आता आमच्या कोल्हापूरकडे येते. शाहू महाराजांच्या दरबारात ज्यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला त्या अल्लादियाखाँसाहेबांची (१८५५–१९४६) गोष्ट इथे गाणं शिकणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेली असते. तरुणपणी ते माळव्याकडच्या आमलेटा नावाच्या लहानशा संस्थानात होते. तिथल्या यजमानाला त्यांच्या गाण्याचं असं वेड लागलं की रोज गाणं, तासन्‌तास गाणं, विश्रांती नाही. खाँसाहेबांचा आवाज गेला. बराच काळ तो आलाच नाही, आणि आला तेव्हा पहिली चमक उरली नव्हती. जो आवाज शिल्लक होता त्याला काय झेपेल, काय शोभेल, याचा विचार करत त्यांनी वेगळी वाट काढली; आणि बुलंद आकाराची, लयीला बिलगून जाणारी, पेचदार तानांची ती गायकी जयपूर-अत्रौली म्हणून ओळखली जाऊ लागली. ती केसरबाईंनी घेतली, मोगूबाईंनी घेतली. केसरबाईंच्या आवाजातली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अवकाशात गेली, आणि तिचा उगम शोधत मागे गेलं तर वाटेत एक बसलेला गळा लागतो. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावानं निघाल्या. त्यांतला बारीक, उंच आवाज आणि घशावरच्या शस्त्रक्रियेनंतरचा त्यांचा भरदार, पुरुषी म्हणावा असा आवाज एकामागून एक ऐकला तर ही एकच बाई आहे हे पटत नाही. तो नवा आवाज घेऊन त्या पुढे कित्येक दशकं किराणा घराण्याचं गाणं गायल्या.

या गोष्टी आपण फार प्रेमानं सांगतो. मीही सांगते. पण अलीकडे सांगताना अडखळते. या ज्यांच्या गोष्टी आहेत ती माणसं तरून गेली. त्यांच्याजवळ अफाट बुद्धी होती, घराण्याची विद्या होती, जिद्द होती. ज्यांचा आवाज गेला आणि त्यातून कुठलीच गायकी निघाली नाही त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. तमाशाच्या फडात पंधराव्या वर्षापासून रोज रात्री मोकळ्या माळावर गाणाऱ्या आणि तिशीत मागच्या रांगेत झीलकरी म्हणून उभ्या राहणाऱ्या बायका, ऑर्केस्ट्रातली ‘हुबेहूब अमक्यासारखं’ गाणारी मुलं, सप्ताहामागून सप्ताह करणारे कीर्तनकार, साठ मुलांच्या वर्गात दिवसभर ओरडून शिकवणाऱ्या आणि संध्याकाळी भजनीमंडळात गाणाऱ्या शिक्षिका. यांचे गळे कशानं गेले हे कुणी विचारलं नाही. ‘देवानं दिलं होतं, देवानं नेलं,’ एवढ्यावर विषय संपला.

आपल्या परंपरेत मेहनतीला जेवढा मान आहे तेवढाच आवाज समजून घेण्याला असता तर किती गळे वाचले असते, असं मला वाटतं. चाळीस दिवसांचा चिल्ला, पहाटे चारचा खर्ज, घशातून रक्त येईपर्यंत तान. या कथा बारा वर्षांच्या मुलांना सांगणं आता थांबवावं असं माझं स्पष्ट मत आहे. पहाटेचा खर्ज हलक्या गळ्यानं, आकार मोकळा ठेवून घेतला तर त्याच्यासारखं औषध नाही. तोच खर्ज छाती दाबून, हनुवटी गळ्यात रुतवून, खोटा भरदारपणा आणत घेतला तर त्याच्यासारखं नुकसान नाही. बाहेरून दोन्ही रियाजच दिसतात.

आणखी एक गोष्ट. आपली तालीम समोरासमोर बसून होते. गुरू गातो, शिष्य मागून गातो. हेच तिचं वैभव आहे. पण त्यात रागाबरोबर गुरूचा गळाही शिष्याच्या गळ्यात उतरतो. साठी ओलांडलेल्या गुरूचा स्वर घेताना होणारा चेहरा, त्याचा दम, त्याची खाकर, सगळं. भीमसेनजींची तान घ्यायची म्हणून अंग घुसळणारी मुलं मी पाहिली आहेत. तान आलेली नसते, घुसळण आलेली असते. पुरुष गुरूच्या पट्टीत बसण्यासाठी मुली वर्षानुवर्षं आवाज ओढत किंवा दाबत राहतात. आपली पट्टी कोणती हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो.

विचारणारी माणसं महाराष्ट्रात होती. प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत गायनाची शाळा काढली. विष्णू दिगंबरांच्या तालमीत वाढलेल्या या माणसानं पाश्चात्त्य संगीतही शिकून घेतलं होतं, आणि आवाज कसा तयार होतो, कसा बिघडतो, याचा आयुष्यभर अभ्यास केला. डॉ. अशोक दा. रानडे यांनी हे काम पुढे नेताना गायकांइतकंच नटांच्या आणि वक्त्यांच्या आवाजाकडे लक्ष दिलं. देवधरांच्याच शाळेत लहानपणी आलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, क्षयानं आजारी पडून १९४८ मध्ये देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद. बरे होऊन गायला बसले तेव्हा एका फुफ्फुसाची साथ जवळपास सुटलेली होती. श्वास जेवढा होता तेवढ्यात मावेल अशी स्वरवाक्यं त्यांनी बांधली, नसलेल्या श्वासाचा आव आणला नाही. आपल्या आवाजाची इतकी स्वच्छ ओळख असणं याला मी शिक्षण म्हणते, मग ते कुणी दिलेलं असो की स्वतः मिळवलेलं.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक पस्तिशीतला गायक आला. सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात जत्रा, गणपती, लग्नाच्या वरातीआधीचे कार्यक्रम, सगळीकडे त्याला मागणी. कधी कुणाकडे शिकलेला नाही. आवाज खडा, वर गेला की जरा फाटणारा, आणि त्या फाटण्यावर शिट्ट्या पडायच्या. आला तेव्हा तो कुजबुजत बोलत होता. कुजबुजणंही घशाला त्रासाचंच असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मी आधी त्याला डॉक्टरकडे पाठवलं, आणि सोबत गेले. नाकातून बारीक नळी घालून डॉक्टरांनी त्याचे स्वरतंतू पडद्यावर दाखवले. दोन पांढुरक्या पट्ट्या, आणि मधोमध समोरासमोर दोन उंचवटे. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “एवढंसंच असतंय व्हय, ताई? ह्याच्यावर माझं सगळं घर चालतंय?”

शस्त्रक्रियेची घाई नको, आधी शिकून बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं ते मी विसरू शकत नाही. “घसा साफ झाला तर लोक म्हणतील, ह्यो तो नव्हंच. माझं फाटल्यालंच लोकास्नी आवडतंय. ते गेलं तर मी काय गाऊ?”

हा प्रश्न भित्रा नाही, बरोबर आहे. आणि माझ्याकडे त्याचं छातीठोक उत्तर नव्हतं. मी त्याला एवढंच सांगितलं की तुझ्या आवाजातलं किती तुझं आहे आणि किती सुजेचं, ते सूज उतरल्यावरच कळेल.

आम्ही कामाला लागलो. आधी गप्प राहणं. मग खाकरणं बंद, त्याऐवजी पाण्याचा घोट. मग ग्लासभर पाण्यात नळी बुडवून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढणं. यानं घशावरचा रेटा उतरतो आणि कडा हलक्या टेकायला शिकतात. जमिनीवर पाठ टेकून श्वास. खांदे नाही, कूस हलली पाहिजे. गाणी दोन पट्ट्या खाली. आणि मंचावर एक मॉनिटर स्पीकर त्याच्याकडे तोंड करून. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं, कारण त्यासाठी ध्वनियंत्रणावाल्याशी भांडावं लागतं. पण मागे बँजो, बाजूला ढोल आणि स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसेल तर कुणीही माणूस ओरडतोच. त्याला अडवायचं असेल तर त्याला उपदेश करून भागत नाही, त्याचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोचवावा लागतो.

वर्षभरात गाठी बऱ्याच ओसरल्या. आवाज बदलला का? बदलला. सकाळची खरखर गेली, बोलणं मोकळं झालं, रात्रीचा तिसरा कार्यक्रमही पहिल्यासारखाच व्हायला लागला. खडेपणा राहिला, तो त्याच्या हाडाचा आणि त्याच्या गावच्या बोलीचा होता. लोकांनी ‘ह्यो तो नव्हं’ असं म्हटलं नाही. पण एक गाणं होतं, ज्यात वरच्या पंचमाला जाताना त्याचा आवाज दुभंगायचा, आणि त्या जागी ऐकणाऱ्याचा जीव गलबलायचा. ती जागा आता स्वच्छ येते. सुरेल येते. आणि मला त्या दुभंगलेल्या जागेची आठवण येते. त्याच्याजवळ मी ते बोलूनही दाखवलं. ही किंमत आहे, आणि ती नाही असं म्हणणाऱ्या शिक्षकावर मी विश्वास ठेवणार नाही. अलीकडे आम्ही दोघं मिळून तीच खरखर स्वरतंतूंना न दुखवता, त्यांच्या वरच्या भागातून काढण्याचा अभ्यास करतो आहोत. तशी ती काढता येते. जगभरचे रॉक गायक ते शिकतात. अजून त्याची हुबेहूब जुनी जागा आलेली नाही. पण हवी तेव्हा खरखर आणि नको तेव्हा नाही, इथपर्यंत तो पोचला आहे. पूर्वी निवड त्याची नव्हती.

यंदा दिवाळीनंतर तो आपल्या मुलाला घेऊन आला. तेरा वर्षांचा. गोड गळा, आणि आवाज नुकताच फुटायला लागलेला. बोलता बोलता मध्येच वरून खाली घसरतो. जत्रांचा हंगाम तोंडावर होता आणि बाप-लेकाची जोडी मंचावर उभी करायचं आयोजकांनी ठरवलेलं होतं, जाहिरातही छापून झाली होती. मी नाही म्हटलं. या वयात स्वरयंत्र वाढत असतं, जुन्या उंच पट्टीला धरून ठेवायला गेलं की मूल घसा आवळायला शिकतं आणि ते वळण पुढे मोडता मोडत नाही. तो म्हणाला, “ताई, पोराचं नाव झालंय आता. थांबलं तर लोक विसरतील.” मी म्हटलं, “विसरू देत. दोन वर्षांनी तूच परत आठवण करून दे.” मुलगा मध्ये बसून दोघांकडे बघत होता. बराच वेळ वाद झाला. त्याच्या घरचा हिशेब मला माहीत होता आणि माझा हट्ट त्याला. शेवटी दोन गाण्यांवर तडजोड झाली, दोन्ही मधल्या सप्तकातली. पट्टी मी सांगेन ती, त्या दिवशी आवाज घसरत असेल तर एकच गाणं, आणि मॉनिटर पोराच्या समोर. मुलानं विचारलं, “मॅडम, मग तोवर रियाज काय करू?” त्याला तंबोऱ्यासमोर बसवलं आणि मध्य षड्ज, तोही मिटल्या ओठांनी, इथून सुरुवात केली.